तीनदा इचारलं, आता उठून बगा

मामा,

सुजाताचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "ताई, बाबा गेले," एवढंच तुमची लेक म्हणाली. खरं सांगू? मला आधी हायसं वाटलं. रडू त्यानंतर आलं आणि भरपूर आलं. मेथी तशीच पडून राहिली आणि घरच्यांनी मुकाट्याने पिठलं-भात खाल्ला. पण आधी हायसं वाटलं, हे तुम्हाला सोडून दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. तुमची दम्यातून सुटका झाली, हे तर होतंच. शेवटचे दोन महिने तुम्ही एकेक श्वास ओढून आणत होता. पण खरं कारण दुसरं आहे. तीन आठवड्यांपूर्वी मी गडमुडशिंगीला तुमच्या घरी येऊन गेले होते. तेव्हा आले नसते, तर आज हे लिहायला माझा हात उचलला नसता.

तुमच्यापुढे मी पहिल्यांदा उभी राहिले ते दिवस विंडोज पंच्याण्णवचे. आमची कंपनी म्हणजे राजारामपुरीत एका जिन्याखाली तीन टेबलं. मी तेवीस वर्षांची, लुनावर बसून, पर्समध्ये फ्लॉपीचा डबा घेऊन तुमच्या फाउंड्रीत आले. तुमच्या ताब्यात तीन भट्ट्या होत्या. ओतकाम झालेले पंपाचे भाग त्यांत घालून सातशे डिग्रीपर्यंत तापवायचे, चार तास तसेच ठेवायचे आणि मग हळूहळू निवू द्यायचे, म्हणजे पुढे ते तडकत नाहीत. तुम्ही बर्नरची चावी कमी-जास्त करायचा आणि दर पाव तासाला उठून, भट्टीच्या दारावरचं झाकण सरकवून, भोकातून आतला रंग बघायचा. मग वहीत आकडा लिहायचा. हे सगळं आता कॉम्प्युटर करणार, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. भट्टीच्या पोटात खुपसलेल्या सळईकडून वायरने तापमान येईल आणि पडद्यावर दिसेल. तुम्ही मला वरपासून खालपर्यंत बघितलंत आणि म्हणालात, "बसा म्याडम. खुर्ची गरम हाय, संबाळून."

माझा पहिला प्रोग्राम देखणा होता, याबद्दल मी आजही मागे हटणार नाही. करडी खिडकी, तीन मोठे हिरवे आकडे, बस्स. तुम्ही अर्धा तास त्याच्यासमोर बसलात आणि म्हणालात, "चांगलं हाय. पर ह्यो गप का बसलाय?"

"गप म्हणजे? आकडा दिसतोय ना."

"आकडा दिसतोय. पर त्यो आत्ताचा हाय का मगाचा? ह्यो काम कराय लागलाय का झोपलाय? माणूस काम करताना बोलतोय की. आलो म्हणतोय, थांब म्हणतोय, झालं म्हणतोय. ह्यानं बी बोलावं."

मला राग आला होता, मामा. प्रोग्राम आतल्या आत आपली नोंद ठेवतच होता. कुठल्या भट्टीला कधी विचारलं, काय उत्तर आलं, उत्तर नाही आलं तर काय केलं, हे सगळं एका फाइलीत लिहिलं जायचं. त्याला आम्ही लॉग म्हणतो. पण तो लॉग आमच्यासाठी असतो, बिघाड झाला की उघडून बघायला. चालवणाऱ्या माणसाला तो दाखवायचा म्हणजे जेवायला बसलेल्या पाहुण्याला स्वयंपाकघरातली खरकटी दाखवायची, असं माझं मत होतं. तुम्ही म्हणालात, "मी पावणा न्हाय, मी आचारी हाय." मग मी खिडकीच्या खालच्या भागात एक पांढरी चौकट केली आणि लॉगच्या ओळी तिच्यात सोडल्या.

पहिल्या दिवशी त्या ओळी येईनातच. दहा मिनिटं चौकट कोरी आणि मग एकदम तीस ओळी. "ह्ये काय, एस्टीतनं सगळी एकदम उतरल्यागत," तुम्ही म्हणालात. चूक माझी होती. भट्ट्यांना विचारण्याच्या नादात प्रोग्रामला पडदा रंगवायला उसंतच मिळत नव्हती. प्रत्येक ओळीनंतर त्याला क्षणभर थांबायला लावलं, तेव्हा कुठे ओळी एकेक करून, घडेल तशा येऊ लागल्या. तुमचा चेहरा उजळला होता. मग तुम्ही त्या वाचल्यात, म्हणजे वाचायचा प्रयत्न केलात, आणि म्हणालात, "इंग्रजी हाय. आमास्नी काय कळणार?"

मी मराठी फॉन्ट बसवला आणि दोन दिवस खपून शुद्ध मराठीत ओळी लिहिल्या. 'भट्टी क्रमांक दोनचे तापमान प्राप्त झाले.' तुम्ही इतके हसलात की तुम्हाला खोकला आला. "प्राप्त काय म्याडम, परसाद हाय का त्यो?" मग तुम्ही खुर्ची ओढून शेजारी बसलात आणि एकेक ओळ तोंडाने सांगितलीत, मी टाइप केली. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली दुपार असावी. भट्टीने उत्तर दिलं की लिहायचं, 'दोन नंबर बोलली: ६४२.' नाही दिलं तर, 'तीन नंबर गप हाय. परत इचारतोय.' चार तास पुरे झाले की, 'झालं. दार उघडायची घाई करू नगा.' आणि एखादी भट्टी लागोपाठ तीनदा गप्प राहिली तर लाल अक्षरांत, 'तीनदा इचारलं. आता उठून बगा.' ही शेवटची ओळ तुम्ही माझ्याकडून दोनदा वाचून घेतलीत. "ही कदी काडायची न्हाय," म्हणालात. मी हो म्हणाले. त्या दिवसापासून मी म्याडमची पोरी झाले.

आपली भांडणं आठवली की आज बरं वाटतं. जुनी ओळ वाचायला तुम्ही वर सरकायचा आणि नवी ओळ आली की चौकट टुणकन खाली उडी मारायची. "वाचू देत न्हाय, मान धरून खाली वडतंय!" असा फोन तुम्ही टाइम ऑफिसमधून केला होतात, आणि मागे कुणीतरी खो खो हसत होतं. ते मी सुधारलं. पुढे एकदा चौकट भरली आणि ओळी यायच्याच थांबल्या, तेव्हा जुन्या ओळी वरून गळून पडतील अशी सोय केली. पण नवी ओळ वर यावी की खाली, हा वाद काही मिटला नाही. मी म्हणायचे वर, म्हणजे ताजं ते आधी दिसेल. तुम्ही म्हणायचा, "वही वरनं खाली भरत्यात. तू काय उलटी शिकलीस का?" मी तुमचं ऐकलं, पण पटवून घेतलं नाही. मामा, मला अजूनही वाटतं ती वर यायला हवी. तुम्ही गेलात म्हणून मी हा वाद सोडणार नाही.

आता ते सांगते, जे सांगायला मी नऊ वर्षं घेतली.

पुण्याच्या एका बड्या गिऱ्हाइकाची माणसं तुमचा कारखाना बघायला येणार होती. तीन नंबरची वायर तेव्हा सैल असायची, त्यामुळे 'गप हाय, परत इचारतोय' ही ओळ सारखी यायची आणि मधूनच ती लाल ओळसुद्धा. वर्क्स मॅनेजर साहेब म्हणाले, "बाई, पाहुण्यांसमोर हे असलं गावठी रडगाणं नको. काहीतरी करा." वायर हाताने दाबली की तेवढ्यापुरती टिकायची, पण कायमची घट्ट करायला भट्टी थंड व्हायला हवी होती. तेवढा वेळ नव्हता. मी प्रोग्राम उघडला आणि सात-आठ ओळी बदलल्या. भट्टी गप्प राहिली तर मागचाच आकडा पुन्हा दाखवायचा आणि लॉगमध्ये 'बोलली' असं लिहायचं. एका दिवसापुरतं. पाहुणे आले, खूश होऊन गेले. दुसऱ्या दिवशी मला इचलकरंजीला दुसऱ्या कामावर पाठवलं आणि मी ते परत फिरवायचं विसरले.

पंधरा-वीस दिवसांनी तीन नंबरची वायर पूर्णच निसटली. लॉग मात्र लिहीत राहिला, तीन नंबर बोलली, ६८०. तीन नंबर बोलली, ६८०. तुम्हाला सातशे हवे होते, म्हणून तुम्ही बर्नर थोडा वाढवलात. मग आणखी थोडा. तुम्ही तेव्हा एक नंबरमध्ये माल भरत होता, येता-जाता पडद्याकडे बघत होता आणि चौकट तुम्हाला तुमच्याच बोलीत सांगत होती की सगळं ठीक आहे. दोन तासांनी दाराच्या फटीतून उजेड पांढरा दिसायला लागला तेव्हा कुणीतरी ओरडलं. आतला सगळा माल वाकून गेला होता.

दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. मी कॉम्प्युटरसमोर बसले, त्या सात-आठ ओळी बघितल्या आणि लगेच कळलं, मी त्या परत फिरवल्याच नव्हत्या. साहेब पाठीमागे उभे होते, त्यांच्या शेजारी तुम्ही. साहेबांनी विचारलं, "प्रोग्रामात काही दोष?" मी त्या ओळी पुसल्या, खिडकी बंद केली आणि म्हणाले, "नाही. तपासलं. सगळं बरोबर आहे."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागाने नाही, नुसतं बघितलंत. मग साहेबांना म्हणालात, "माझीच नजर चुकली सायेब." साहेबांनी फाइल मागितली, कारण पाळी संपली की दिवसभराचा लॉग कडेला भोकं असलेल्या कागदावर छापून फाइलला लावायचा, हा तुमचाच नियम होता. नेमका त्या दिवसाचा कागद फाइलमध्ये नव्हता. त्यावरूनही तुम्हाला चार शब्द ऐकावे लागले. आठ दिवसांत तुम्हाला भट्टीवरून काढून स्टोअरला बसवलं, हातमोजे आणि नटबोल्ट द्यायला. बावीस वर्षं भट्टी सांभाळलेला माणूस निवृत्त होईपर्यंत त्या जाळीच्या खिडकीत बसला.

तुम्ही माझ्याशी वाईट वागला असता तर सोपं झालं असतं. मी महिन्याला एकदा यायचे आणि तुम्ही जाळीतून हाक मारायचा, "काय म्हणतिया तीन नंबर?" चहा पाजायचा. सुजाता कॉम्प्युटरच्या क्लासची पहिली परीक्षा पास झाली म्हणून पेढे दिलेत. त्यात भट्टीवरची माणसं माझ्या त्या चौकटीला 'मामा' म्हणायला लागली. "मामा काय म्हणतोय बग," असं एकमेकांना ओरडून सांगायची, कारण ती तुमच्यासारखी बोलायची. ते ऐकलं की मला तिथून पळून जावंसं वाटायचं. विंडोज बदललं, माझं लग्न झालं, कंपनी माझ्या नावावर झाली, पण त्या खात्यात मी कधी दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबले नाही. तुमच्या निरोप समारंभाला आले नाही. ताप आला म्हणून कळवलं. तेही खोटंच होतं.

मग सुजाताचा फोन आला, की बाबांचं काही खरं नाही, माझी आठवण काढतात. मी आले. तुम्ही खिडकीशी कॉटवर उशांना टेकून बसला होता, हाडं आणि डोळे एवढेच शिल्लक. सुजाता चहा ठेवायला आत गेली आणि मी म्हणाले, "मामा, त्या तीन नंबरच्या वेळी..."

"व्हय."

"व्हय काय? ऐका तरी."

"आईकतोय की. नऊ वर्सं आईकतोय. तूच बोलंनास."

मी सगळं सांगितलं. मान वर न करता, एका दमात. सांगून झाल्यावर तुम्ही आत हाक मारलीत, "सुजा, तुझं त्ये क्लासातलं पुस्तक आण, पयलं." सुजाता ट्रंकेतून पुस्तक घेऊन आली. त्याला कॉम्प्युटरच्या कागदाचं कव्हर होतं, कडेला भोकांची पट्टी तशीच. "काड त्ये," तुम्ही म्हणालात. तिने कव्हर उलगडलं आणि माझ्या हातात दिलं. आतल्या बाजूला त्या दिवसाचा लॉग होता. एक नंबर आणि दोन नंबरचे आकडे वर-खाली हलत होते, आणि प्रत्येक तिसरी ओळ तीच. तीन नंबर बोलली: ६८०. तीन नंबर बोलली: ६८०.

"पाळी संपली तवा छापलं आणि बगितलं," तुम्ही सांगितलंत. "लगीच कळलं तू काय केलंयास त्ये. सकाळी सायेब फायल मागणार हुतं. म्हणून कागद काडला आणि घरला आणला. ह्या बयेला पुस्तकाला कव्हर पायजेच हुतं."

सुजाता माझ्याकडे बघत होती. दोन वर्षं ते पुस्तक छातीशी धरून ती क्लासला गेली होती आणि आतली बाजू तिने कधी बघितली नव्हती.

"का पण मामा?"

"तुला काडली असती. आमचा सायेब म्हणला असता, बायकांचं काम न्हवं ह्ये, आणि परत कोण पोरगी त्या दारातनं आत आली नसती. आणि मी हिला सांगून बसलोतो, त्या म्याडमसारकं हो म्हणून. मग काय, हिला क्लासातनं काडू?"

"पण भट्टी गेली तुमची."

"गेली की." तुम्ही बराच वेळ दम घेतलात. "लई वंगाळ वाटलं. खोटं कशाला सांगू. हातमोजं मोजताना तुला शिव्या दिल्यात. चांगल्या ठेवणीतल्या दिल्यात."

मी रडता रडता हसले. तुम्ही मात्र हसला नाहीत. "पर चूक तुझी एकटीची न्हवं पोरी. त्यो कागद बग. येक हालतीया, दोन हालतीया, आणि तीन नंबर ६८० वर मेख मारून बसलीया. भट्टी कदी अशी बसती व्हय? माणसाचा ताप बी हालतोय. म्या येता-जाता बगत हुतो आणि मला दिसलं न्हाय. आदी मी दर पाव तासाला उठून भोकातनं बगायचो. त्यो बोलाय लागल्यापास्नं उठायचं सोडलं. गप बसलाय म्हणून मीच वरडलो आणि बोलाय लागल्यावर मीच झोपलो. चूक माझी."

"अहो, पण बोलला तो खोटं. खोटं बोलायला मी लावलं. चूक माझी."

"माझी म्हणतोय न्हवं?"

"तुम्ही आजारी आहात म्हणून ऐकून घेणार नाही मी."

आणि आपण दोघं तासभर त्यावर भांडलो, मामा. चहा निवला. सुजाता कपाळाला हात लावून बसली. निघताना तुम्ही बजावलंत, "कुणाला सांगू नगंस आता. झालं गेलं." मी म्हणाले, बघते. तुम्ही मला चांगलं ओळखत होता, त्यामुळे मी गप्प बसणार नाही हे तुम्हाला कळलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारखान्यात गेले. तेच मॅनेजर साहेब आता आणखी वरच्या खुर्चीत आहेत. मी कव्हरचा कागद त्यांच्या टेबलावर पसरला आणि जे तुम्हाला सांगितलं ते त्यांना सांगितलं. लेखी पण दिलं. मला वाटलं होतं, आता काम जाणार. त्यांनी त्या ६८०च्या ओळींवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पाहुण्यांसमोर नको, हे मीच म्हणालो होतो." माझं पत्र त्यांनी भट्टी खात्यातल्या फळ्यावर लावायला सांगितलं. त्यानंतरच्या रविवारी ते स्वतः आणि तुमच्या खात्यातले चौघे जण तुमच्या घरी आले. मी तिथे नव्हते. पण तासाभरात सुजाताच्या मोबाइलवरून तुमचा फोन आला.

"कशाला सांगितलंस?" तुम्ही कडाडलात. निदान तसा प्रयत्न केलात. "तुला सांगू नगं म्हणलोतो न्हवं?"

"सांगितलं. काय म्हणाले साहेब?"

"चुकलं म्हणलं." मग दम घेऊन म्हणालात, "आमच्या घरात चटईवर बसला सायेब. खुर्ची दिली तर नगं म्हणला. च्या पिला. दोनदा पिला."

तो आवाज मी ओळखला. चौकटीत पहिली ओळ उमटली होती, त्या दिवशीचा तो आवाज होता. आठ दिवसांनी तुम्ही गेलात. सुजाता म्हणते, झोपेत गेले, दम लागला नाही. मला तेवढं पुरतं.

परवा तुमच्या जलदान विधीला आले होते. पांढऱ्या कपड्यांतली सगळी माणसं, तुमच्या फोटोपुढे मेणबत्त्या, आणि त्रिशरण-पंचशील म्हणायला सगळे उभे राहिले. मला पाठ नाही, मी नुसते हात जोडले. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. तुमच्या फोटोकडे बघत उभी होते मी. महिन्यापूर्वी ते ऐकलं असतं तर मी बाहेर चपला शोधायला निघून गेले असते. सुजाता शेजारी उभी होती. ती आता हातकणंगल्याच्या एका शाळेत पोरांना कॉम्प्युटर शिकवते. तिने माझा हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

एक राहिलंच, मामा. त्या दिवशी मी सगळं सांगितलं, पण माफ करा असं म्हणालेच नाही. चूक कुणाची यावर भांडण्यातच वेळ गेला. घरी परतल्यावर लक्षात आलं, म्हटलं पुढच्या खेपेला म्हणू. पुढची खेप आली ती तुमच्या फोटोपुढे. आता म्हणते, मामा, मला माफ करा. तुम्ही "माझी म्हणतोय न्हवं?" असंच म्हणणार, हे माहीत आहे. तरी म्हणते.

आज सकाळी मी भट्टी खात्यात गेले. काम काही नव्हतं, नुसती जाऊन बसले. दहा मिनिटं नाही, चांगले दोन तास. तुमच्या खुर्चीवर आता संतोष म्हणून एक जण असतो, गारगोटीकडचा, दोन लेकरांचा बाप. त्याने तुम्हाला भट्टीवर कधी बघितलेलं नाही. कॉम्प्युटर नवा आहे, पडदा मोठा आहे, पण खालची चौकट तीच आणि ओळी त्याच. नवी ओळ खालीच येते. मी चहा पीत होते. संतोष पाठमोरा बसून माल भरायचा कागद लिहीत होता. तेवढ्यात चौकटीत आलं, 'तीन नंबर गप हाय. परत इचारतोय.'

मी कप खाली ठेवला. पुन्हा तीच ओळ. मी काही बोलायचं नाही असं ठरवलं. आणि मग लाल अक्षरांत, 'तीनदा इचारलं. आता उठून बगा.'

संतोषने मान वर केली, ओळ वाचली, पेन ठेवलं. "मामा बोलीवतोय," असं माझ्याकडे बघून म्हणाला.

तो उठला, मामा. भट्टीपाशी गेला, झाकण सरकवलं, डोळे बारीक करून भोकातून आत बघितलं, चांगलं सावकाश बघितलं. मग वायर चाचपली, दाबली आणि तिथूनच ओरडला, "रंग बराबर हाय. वायर सैल हुती."

मी पडद्याकडे बघत राहिले. थोड्या वेळाने खाली, वहीसारखी, नवी ओळ आली.

तीन नंबर बोलली: ७०३.